कृत्रिम गुडघा

मांडीच्या हाडातून पाय कापावा लागलेल्या व्यक्तीच्या कृत्रिम पायात मांडीची खोबण व नडगी यांना जोडणारा जो सांधा बसवितात, त्यास कृत्रिम गुडघा म्हणतात. रोगाने निकामी झालेल्या गुडघ्यात शस्त्रक्रियेने बसविण्यात येणाऱ्या धातूच्या सांध्यालाही व्यवहारात हेच नाव दिले जाते. प्रस्तुत नोंदीत मात्र शरीराबाहेरील, कृत्रिम पायाचा भाग असलेल्या गुडघ्याचाच विचार केला आहे.

गुडघ्याखाली पाय कापला गेला, तर रुग्णाचा स्वतःचा गुडघा शाबूत असतो आणि त्याची चाल बहुधा थोड्याच काळात पूर्ववत होते. मांडीतून पाय कापल्यास गोष्ट अगदी वेगळी होते. गुडघा वाकविणारे व ताठ करणारे स्नायू निरुपयोगी होतात आणि खुंटाच्या टोकाला टांगलेल्या एका निर्जीव सांध्यावर शरीराचा सारा भार सोपवावा लागतो. या सांध्याकडून परस्परविरोधी अशी दोन कामे अपेक्षित असतात. एका पावलाच्या आवर्तनापैकी सुमारे ६० टक्के काळ पाय जमिनीवर टेकलेला असतो. ही आधारावस्था होय. या काळात गुडघा मुडपता कामा नये. उरलेले सुमारे ४० टक्के, म्हणजे झोकावस्थेत, पाय अधांतरी पुढे जातो. तेव्हा गुडघा सु. ६०° पर्यंत सहज वाकला पाहिजे, नाहीतर बोटे जमिनीला घासतात. आधारावस्थेत सांधा मुडपला, तर माणूस कोसळतो. झोकावस्थेत तो ताठ राहिला, तर कंबर उचलून पाय बाहेरून गोल फिरवीत चालावे लागते. अशा चालण्याला श्रमही फार पडतात. मांडीतून पाय गेलेल्या व्यक्तीस, पाय चांगला बसविलेला असूनही, तेवढेच अंतर चालण्यासाठी धडधाकट माणसाच्या दीडपटीहून अधिक शक्ती खर्चावी लागते. स्थैर्य हवे की मोकळीक हवी, या पेचातून वाट काढण्याचे जे निरनिराळे मार्ग गेल्या चारशे-साडेचारशे वर्षांत शोधले गेले, तेच कृत्रिम गुडघ्याचे निरनिराळे प्रकार होत.

कृत्रिम पायाचे उल्लेख फार जुने आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ११६ व्या सूक्तात युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी धातूची जंघा दिल्याचे वर्णन येते. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा भाग. त्यामुळे या वर्णनावरून गुडघ्याच्या सांध्याविषयी काही अनुमान काढता येत नाही. इटलीतील कापुआ येथील थडग्यात सापडलेला, इ. स. पू. सु. ३०० मधील लाकडी गाभ्यावर काशाचा पत्रा मढविलेला पाय लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेत होता. १९४१ च्या बाँबहल्ल्यात तो नष्ट झाला. मध्ययुगात सामान्य माणसाच्या वाट्याला लाकडी खुंटच येई. त्याला सांधा नसे. तो स्वस्त व टिकाऊ असे, गावचा सुतार तो घडवू शके आणि तो कधी मुडपत नसे. या शेवटच्या गुणामुळे पुढील सर्व सुधारणांना या साध्या खुंटाशीच स्पर्धा करावी लागली.

वाकणाऱ्या गुडघ्याचा पहिला सुस्पष्ट नमुना फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे (सु. १५१०–९०) यांच्या ग्रंथात आढळतो. पारे हे सैन्याबरोबर हिंडणारे शस्त्रवैद्य. पाय कापल्यावर रक्तस्राव थांबविण्यासाठी तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची रीत सोडून रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत त्यांनी प्रचारात आणली. त्यामुळे अंगच्छेदनानंतर जगणाऱ्यांचा आणि साहजिकच कृत्रिम पाय मागणाऱ्यांचा प्रश्न पुढे आला. १५६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शस्त्रक्रियाविषयक ग्रंथात त्यांनी पॅरिसमधील एका कुलपे बनविणाऱ्या कारागिराने घडविलेल्या पायाची आकृती दिली आहे. बाहेरून तो चिलखतधारी योद्ध्याच्या पायासारखा दिसतो. आत गुडघ्याशी खटका असून चालताना तो अडकलेला राही आणि बसताना किंवा घोड्यावर चढताना मांडीजवळची दोरी ओढून तो सोडविता येई. कुलपे करणाऱ्याच्या हातून हा सांधा निघावा यात नवल नाही. तत्त्वतः तो एक कुलूपच आहे. पारे यांनी पेच सोडविला नाही, त्याचे दोन तुकडे केले : चालायचे ते ताठ गुडघ्याने आणि वाकवायचा तो फक्त बसताना. खटक्याचा गुडघा या नावाने हाच प्रकार आजही वापरात आहे. वृद्ध, अशक्त किंवा तोल न सावरता येणारे रुग्ण, तसेच उंचसखल बांधांवरून वा चिखलातून चालावे लागणारे शेतकरी यांना तो पुष्कळदा इतर कोणत्याही गुडघ्यापेक्षा विश्वासाचा वाटतो.

चालतानाही वाकणारा गुडघा लोकांच्या नजरेत आला तो वॉटर्लूच्या लढाईनंतर. १८ जून १८१५ रोजी या लढाईत ब्रिटिश घोडदळाचे सेनापती हेन्री पॅजेट यांचा उजवा पाय तोफेच्या माऱ्याने जायबंदी झाला व तो मांडीतून कापावा लागला. पुढे ते अँगल्सीचे मार्क्विस झाले. त्यांच्यासाठी लंडनचे कारागीर जेम्स पॉट्स यांनी बनविलेला पाय अँगल्सी पाय म्हणून प्रसिद्धीस आला. नडगी लाकडाची, गुडघ्याचा सांधा पोलादाचा आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आतड्याच्या तातीच्या दोऱ्या, अशी त्याची रचना होती. गुडघा वाकला की दोऱ्या ताणल्या जाऊन पावलाचा पुढचा भाग आपोआप उचलला जाई, त्यामुळे बोटे घासत नसत. गुडघा व घोटा यांच्या हालचाली परस्परांशी बांधण्याची ही कल्पना अत्यंत मार्मिक होती. दीडशे वर्षांनी द्रवीय पायांतही ती पुन्हा योजिली गेली. चालताना या पायाचा खटखट असा आवाज होई, त्यावरून त्याला एक टोपणनावही पडले होते. अर्थात हा पाय उमरावांना परवडणारा होता. त्याच लढाईत पाय गमावलेल्या साध्या शिपायाला खुंटावरच समाधान मानावे लागले.

विल्यम सेल्फो यांनी १८३९ मध्ये हा पाय अमेरिकेत नेला. स्वतः कृत्रिम पाय वापरणारे बेंजामिन फ्रँक्लिन पामर यांनी त्यात सुधारणा करून १८४६ मध्ये एकस्व मिळविले. या क्षेत्रातील पुष्कळशा सुधारणा ज्यांना स्वतःला पाय नव्हता अशा माणसांनी केल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) अगदी प्रारंभी, जून १८६१ मध्ये फिलिपी येथील चकमकीत दक्षिणेच्या सैन्यातील जेम्स हँगर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा पाय मांडीतून कापावा लागला. मिळालेल्या लाकडी खुंटाने त्याचे समाधान होईना. तेव्हा घरी परतल्यावर पिपाच्या लाकडी फळ्यांपासून त्याने स्वतःच गुडघ्याला व घोट्याला वाकणारा पाय तयार केला. त्यातून पुढे मोठा व्यवसाय उभा राहिला. या युद्धात हजारो सैनिकांचे हातपाय गेले आणि ते सरकारी खर्चाने पुरविण्याची प्रथा पडली. कृत्रिम पाय ही श्रीमंतांची चैन न राहता राज्यसंस्थेची जबाबदारी ठरू लागली, हा या काळाचा खरा वारसा म्हणता येईल. सांध्याच्या रचनेत मात्र फारसा फरक पडला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी धातूने लाकडाची जागा घेतली. ब्रिटिश वैमानिक मार्सेल डेसूटर यांचा पाय १९१३ मधील विमान अपघातात गेला. विमानबांधणीशी परिचय असलेले त्यांचे बंधू चार्ल्स यांनी त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा हलका पाय बनविला. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी लंडनजवळ रोहॅम्प्टन येथे १९१५ मध्ये निघालेले रुग्णालय अशा पायांचे मोठे केंद्र बनले. याच परंपरेतील पाय वापरून डग्लस बेडर यांनी इतिहास घडविला. डिसेंबर १९३१ मधील अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. उजवा गुडघ्याच्या वर व डावा गुडघ्याखाली. तरीही ते दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने चालवीत. ऑगस्ट १९४१ मध्ये फ्रान्सवर त्यांचे विमान पडले, तेव्हा उजवा कृत्रिम पाय विमानात अडकला आणि तो तसाच सोडून त्यांनी हवाईछत्रीने उडी घेतली. जर्मनांच्या संमतीने ब्रिटिश हवाई दलाने नवा पाय विमानातून खाली टाकला. तो मिळाल्यानंतर बेडर यांनी कैदेतून पळून जाण्याचे प्रयत्न केले, हे सर्वश्रुत आहे.

या सर्व पायांतील गुडघा एकाक्षी, म्हणजे साध्या बिजागरीसारखा एकाच आसाभोवती फिरणारा होता. त्याचे स्थैर्य केवळ मांडणीवर अवलंबून असते. शरीराची भाररेषा आसाच्या पुढून गेली तर गुडघा ताठ होतो, मागून गेली तर मुडपतो. म्हणून पाय जुळविणारा कारागीर आस किंचित मागे सरकवितो आणि चालणाऱ्यानेही टाच टेकताच नितंबाच्या स्नायूंनी खुंट मागे दाबून धरावा लागतो. आस फार मागे नेला, तर पाऊल उचलताना गुडघा वाकतच नाही. काही मिलिमीटरांचा हा हिशेब कुशल हातालाच साधतो. झोकावस्थेत नडगी लंबकासारखी झुलते. लंबकाचा काल ठरावीक असतो आणि माणूस मात्र कधी सावकाश, कधी घाईने चालतो. झुलणे आवरण्यासाठी आसावर घर्षणाची पट्टी आवळतात व नडगी पुढे आणण्यासाठी रबरी पट्टा किंवा स्प्रिंग लावतात. परंतु घर्षण एकाच वेगाला जुळविता येते. बस पकडण्यासाठी पावले झपाझप उचलावीत, तर नडगी मागेच रेंगाळते आणि भार येण्याच्या क्षणी गुडघा अर्धवट वाकलेला असतो. एकाक्षी गुडघ्यावरून पडण्याचे हे नेहमीचे कारण होय. त्यावर उपाय म्हणून भार पडताच आपोआप आवळणारा ब्रेक असलेले गुडघे निघाले. १५–२०° वाकलेल्या स्थितीतही ते माणसाला धरून ठेवतात. मात्र खुर्चीवर बसण्यापूर्वी पायावरचा भार पूर्ण काढावा लागतो, आणि ब्रेकची पट्टी झिजली की भरवसा संपतो.

येथवरची प्रगती कारागिरांची होती. शास्त्रीय संशोधनाला खरा प्रारंभ १९४५ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी आपल्याला दिलेल्या पायांविषयी तक्रारी केल्या. त्यामुळे अमेरिकेच्या सैन्यवैद्यक खात्याने नॅशनल ॲकॅडेमी ऑफ सायन्सेस या संस्थेकडे धाव घेतली आणि त्या वर्षाच्या सुरुवातीस शिकागो येथे शस्त्रवैद्य, अभियंते व पाय बनविणारे कारागीर यांची परिषद भरली. माणूस नेमका चालतो कसा, हेच अद्याप कोणी मोजलेले नाही, असे तेव्हा ध्यानात आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने हे काम अंगावर घेतले. त्याचे नेतृत्व अस्थिशल्यतज्ञ व्हर्न इनमन आणि स्वतःचा एक पाय अपघातात गमावलेले स्थापत्य अभियंते हॉवर्ड एबरहार्ट यांच्याकडे होते. स्वयंसेवकांच्या हाडांत सळ्या बसवून त्यांची चित्रफीत घेण्यापर्यंत या गटाची तयारी होती. १९४७ च्या त्यांच्या अहवालाने चालण्याच्या अभ्यासाचा पाया घातला.

याच गटातील यांत्रिक अभियंते चार्ल्स रॅडक्लिफ यांनी बहुअक्षी गुडघ्याचे गणित मांडले. एकाहून अधिक आस असलेल्या सांध्याची कल्पना त्यापूर्वीही होती. तो का व केव्हा स्थिर राहतो, हे रॅडक्लिफ यांच्या विवेचनाने स्पष्ट झाले. चार दांड्या चार आसांनी जोडून हा गुडघा बनतो. त्याचे भ्रमणकेंद्र एका जागी नसून वाकण्याबरोबर सरकत जाते. पाय ताठ असताना ते प्रत्यक्ष सांध्याच्या बरेच वर व मागे असते. त्यामुळे भाररेषा सहजच पुढे राहते आणि खुंटाने थोडासा जोर लावूनही गुडघा सावरता येतो. वाकू लागताच केंद्र खाली व पुढे येते, नडगी जणू आखूड होते आणि बोटे जमिनीपासून काहीशी वर राहतात. खुंट लांब असला, तरी बसताना सांधा मांडीखाली दुमडतो व गुडघा पुढे आल्यासारखा दिसत नाही. हे सर्व केवळ दांड्यांच्या लांबीतून साधते. त्यासाठी तेल लागत नाही की वीज. कृत्रिम गुडघ्याच्या इतिहासात इतक्या थोड्या सामग्रीत इतका लाभ देणारी दुसरी युक्ती नाही. आस अधिक असल्याने झिजही अधिक होते, एवढाच त्यातला दोष.

चालण्याच्या बदलत्या वेगाचा प्रश्न द्रवीय गुडघ्याने सोडविला. दट्ट्याने बारीक छिद्रातून ढकललेले तेल वेग वाढेल तसा अधिकाधिक विरोध करते. त्यामुळे माणूस भरभर चालू लागला की नडगीचे झुलणे आपोआप आवरले जाते. वायवीय गुडघ्यात तेलाऐवजी हवा असते. ती दाबली जाऊन स्प्रिंगसारखी परत फेकते. असा गुडघा हलका पण विरोधाला कमकुवत असतो. द्रवीय गुडघ्यांत हान्स माउख यांची रचना विशेष प्रसिद्ध आहे. माउख हे युद्धपूर्व जर्मनीच्या हवाई मंत्रालयात जेट एंजिनांच्या विकासाचे काम पाहणारे अभियंते. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि वैद्य उल्रिख हेन्श्के यांच्या साहाय्याने सुरू केलेले गुडघ्याचे काम त्यांनी निवृत्त सैनिकांच्या खात्याच्या मदतीने अनेक वर्षे चिकाटीने चालविले. १९६८ मध्ये हा गुडघा बाजारात आला. त्यात आधारावस्थेतील दाट विरोध ही नेहमीची स्थिती असते. चालताना भार बोटांवर येऊन गुडघा पूर्ण ताणला गेला, तरच तो विरोध सुटतो. त्यामुळे ठेच लागली तरी गुडघा एकदम मुडपत नाही, सावकाश खचतो आणि तेवढ्या अवधीत माणूस सावरतो. याच गुणामुळे जिना उतरताना एकामागून एक पाय टाकणे मांडीतून पाय गेलेल्या माणसाला प्रथमच शक्य झाले. वजन, किंमत आणि तेलाची गळती हे मात्र या गुडघ्याचे कायमचे सोबती ठरले.

पुढचे पाऊल सूक्ष्म गणकयंत्राचे. ब्लॅचफर्ड या ब्रिटिश संस्थेने १९९३ मध्ये विक्रीस आणलेल्या गुडघ्यात जपानमधील संशोधनाचा आधार होता. त्यात मायक्रोप्रोसेसर चालण्याचा वेग पाहून वायवीय झडप कमीजास्त उघडी. त्याचे नियंत्रण झोकावस्थेपुरतेच होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात केली जेम्स यांनी केलेल्या कामावरून जर्मनीच्या ऑटो बॉक या संस्थेने १९९७ मध्ये सी-लेग हा गुडघा न्यूरेंबर्ग येथे सादर केला, त्यात दोन्ही अवस्था गणकयंत्राच्या ताब्यात आल्या. नडगीवरील ताण व गुडघ्याचा कोन सेकंदाला ५० वेळा मोजून त्याप्रमाणे तेलाच्या झडपा फिरविल्या जात. पुढे ह्यू हर यांच्या मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधनातून चुंबकीय द्रवाचा गुडघा निघाला. आइसलँडच्या ऑसुर या संस्थेने तो बाजारात आणला. त्यातील तेलात लोहकण असतात व चुंबकक्षेत्र येताच ते दाट होते. या गुडघ्यांमुळे ठेचकाळण्याचे व पडण्याचे प्रमाण घटल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. प्रत्येक पावलाला गुडघ्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, ही गोष्ट वापरणाऱ्यांना त्याहून मोलाची वाटते. तथापि हे सर्व गुडघे फक्त विरोध करतात, स्वतः जोर लावीत नाहीत. खुर्चीतून उठविणारा किंवा जिना चढविणारा विद्युत् चलित्राचा गुडघा २००६ पासून उपलब्ध झाला. विद्युत् घटाचे वजन व भार टिकण्याचा अवधी या त्याच्या मर्यादा होत.

भारतात या विषयाची सुरुवात सैनिकांपासूनच झाली. दुसऱ्या महायुद्धातील जखमींसाठी पुणे येथे १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ मध्ये भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था निघाली आणि कानपूर येथे १९७२ मध्ये कृत्रिम अवयव निर्मितीचे सरकारी महामंडळ स्थापन झाले. परंतु पायाची घडण बराच काळ पाश्चात्त्य वळणाचीच राहिली. खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसासाठी तो घडविलेला होता. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे या गोष्टी त्याच्या रचनेत बसत नव्हत्या. हा दोष शस्त्रवैद्य प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी नेमका ओळखला आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रबरी जयपूर फूट तयार केला. त्याची कीर्ती योग्यच आहे. मात्र त्याने घोटा व पाऊल यांचा प्रश्न सोडविला. मांडीतून पाय गेलेल्यांचा गुडघा पुढची सु. चाळीस वर्षे साध्या बिजागरीचाच राहिला, आणि या दिरंगाईकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने अखेर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी सहकार्य केले. तेथील विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास तेल मुरविलेल्या नायलॉनचा बहुअक्षी जयपूर गुडघा तयार केला. त्याची किंमत २० डॉलरच्या आसपास होती. टाइम या अमेरिकन साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांच्या यादीत त्याचा समावेश केला. रॅडक्लिफ यांनी विवरिलेल्या चार दांड्यांचेच तत्त्व त्यात आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेने २०२२ मध्ये सादर केलेला कदम हा गुडघाही बहुअक्षीच आहे. कित्येक लाख रुपये किमतीचा, नित्य विजेवर भारित करावा लागणारा गुडघा या देशातील बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने संशोधनाचा हा रोख स्वाभाविक आहे.

वाकण्याच्या मर्यादेचा प्रश्न मात्र निराळा आहे. चालण्यास सु. ६०° व खुर्चीवर बसण्यास सु. ९०° पुरतात, उकिडवे बसण्यास १३०° हून अधिक लागतात, आणि अनेक महागडे द्रवीय गुडघे तेथवर पोहोचत नाहीत. मांडी घालण्यासाठी तर नुसते वाकून भागत नाही, नडगी आडवी वळली पाहिजे. त्यासाठी गुडघ्याच्या वर एक फिरती चकती बसवितात. तिची कळ दाबली की नडगी हाताने वळवून आसनाखाली घेता येते आणि उठताना सरळ केली की ती खटकन् जागेवर अडकते.